संगमावरच्या तरंगत्या बाजाराची हकीकत

श्री नदीमाई सर्वांस काठीं लावो. शके १९४५, शोभकृत नाम संवत्सर, माघमासीं संगमाच्या तीन काठांवर तीन गावें नांदत होतीं. त्यांतील मधल्या गावचे नगराध्यक्ष हैबतराव पारावर उभे राहिले आणि गर्जून बोलिले कीं, "शिमग्याच्या आंत मुलखाचें गिऱ्हाईक आपल्या काठीं आणितों, नाहींतर ही खुर्ची सोडितों!" लोकांनीं टाळ्या पिटल्या, आणि त्याच सांजेस गावचा शेवटला कासार दुकानास कुलूप घालून शहराकडे निघोन गेला. त्यांच्या बाईसाहेब कौसल्याबाई म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईक राहूं द्या, आधीं बांगड्या कुठें भरायच्या तें सांगा."

मग हैबतरावांनीं थोरल्या गावचे जानराव आणि पैलगावचे विसाजीपंत या दोघां नगराध्यक्षांसी जेवणास बोलाविलें आणि मांडलें कीं, तिघांनीं मिळोन एकच मोठा बाजार थाटावा. रस्सा ओरपून तिघांनीं गळाभेट घेतली, आणि मग जागेवरून जुंपली. "तुमच्याच काठीं कां?" "मग काय तुमच्या?" अखेर ठरलें कीं जमीन कोणाचीच नको, बाजार पाण्यांत असावा. मग रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून थोरला तराफा केला, तीन गावांनीं तीन दोर लाविले, आणि मानाच्या तीन खुर्च्या तराफ्यावर पक्क्या ठोकिल्या. फीत कोणी कापावी यावरून पुन्हा रुसवे झाले, सबब ज्यानें त्यानें आपल्या काठीं कापावी ऐसें ठरलें.

उद्घाटनाचे दिवशीं पहांटे धुकें असें दाटलें कीं पाणी कोठें आणि आभाळ कोठें कळेना. त्यांत तराफ्यावरचे दिवे, जिलब्यांचा वास, तागड्यांची किणकिण, जणूं एखादें गाव झोपेंत चालत निघालें होतें. मांडववाल्यांनीं हौसेनें दोरांसच लाल कापड आणि झेंडू गुंडाळिले होते. जानरावांनीं कात्री चालविली. "लई जाड फीत आणली राव! कोयता द्या!" पैलतीरीं विसाजीपंतांनींही तेंच केलें. मग तराफा हळूच वळला आणि हैबतरावांच्या काठास येऊन टेकला. लोक ओरडले, "आला! बाजार आपल्याकडे आला!"

हैबतरावांनीं झेंडू बाजूस सारून पाहिलें तों खालीं दोर. कौसल्याबाई कानाशीं लागल्या, "आतां हात आखडा. देवानें दिलंय." इतक्यांत धुक्यांतून जानरावांचा भोंगा बोलिला, "हैबतराव, आम्ही कापली! तुम्ही दगा तर देणार नाहीं ना?"

हैबतरावांस कासाराचें कुलूप आठवलें, आणि दोघांस दिलेला शब्दही आठवला. डोळे मिटून त्यांनीं कोयता घातला, आणि बाजार चालला तसे तेही उडी मारून खुर्चीवर बसले.

मग नवल वर्तलें. काठाकाठचीं गावें धुक्यांतून होड्या घेऊन आलीं आणि लुगडीं, गूळ, मडकीं हातोहात खपलीं. बांगड्या विकणारा तो कासारही एका घाटावरून हसत चढला. हैबतराव म्हणाले, "स्वप्न असेल तर कोणी उठवूं नका."

पुढें चौथ्या गावीं तराफा दोरानें बांधिला. तेथील नगराध्यक्षांनीं शाल घातली आणि म्हणाले, "पाहुणे, उद्घाटन आपल्याच हस्तें." हैबतराव काठावर उतरले. दोरास झेंडू गुंडाळिलेला होता.

एवंच तिघांच्या एकीनें मुलखाचा व्यापार वाढला, हें खरें. हैबतरावांनीं कोयता चालविला. बाजार खुर्चीसुद्धां पुढें गेला. हैबतराव काठावर राहिले.