मराठीसाठी दोन दाबा

आमच्या मजल्यावरचे श्रीधर कदम कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी इस्त्रीचा शर्ट घालतात, भांग पाडतात आणि मगच नंबर दाबतात. पलीकडच्या मुलीला यातलं काहीच दिसत नाही, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण गंजीवर बसलं की माझा आवाज चढतो. समोरचा माणूस ड्युटीवर आहे, साहेब."

"ड्युटीवर आहे" हे कदमांचं पालुपद. एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून त्यांनी जन्म काढला. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं: ड्युटीवरची आणि सुटलेली. ड्युटीवरच्या माणसाशी भांडायचं नाही, हा त्यांचा नियम. आम्ही राहतो त्या आचोळ्यात हे नवलच म्हणायचं, कारण आमच्याकडे भांडायला ड्युटीवरचाच माणूस बरा पडतो. बिचाऱ्याला उलटून बोलता येत नाही.

आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे: 'कुरिअर, गॅसवाले व तत्सम व्यक्तींनी जिना वापरावा.' इमारत सात मजल्यांची. सातव्या मजल्यावर जेवण गार पोचतं आणि जिना चढून आलेल्या त्याच माणसाला मोबाइलवर एक तारा मिळतो. हा ठराव झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. विरोधात एकटे कदम. 'तत्सम' म्हणजे नक्की कोण, असं विचारून त्यांनी सेक्रेटरींना घाम फोडला. जवळच्या नंदाखाल गावाहून केळी घेऊन येणाऱ्या बाई चार जिने चढून टोपली उतरवतात, तेव्हा आमच्या पाटणकर वहिनी एकेक केळं दाबून बघतात आणि मग केळी दबलेली आहेत म्हणून परत करतात. असे आम्ही चोखंदळ लोक.

कदमांकडे इंटरनेटचं कनेक्शन आहे. ते कशाला, हे कोणालाच कळत नव्हतं, कारण ते इंटरनेटवर काहीच बघत नाहीत. पण रोज साडेअकराला त्या कंपनीला त्यांचा फोन ठरलेला. तक्रारी तरी काय? डब्यावरचा हिरवा दिवा जरा फिकट वाटतो. एकदा तर त्यांनी बिल अगदी बरोबर आलंय, कळवावं म्हटलं, म्हणून फोन केला. त्यातही ते हिंदीसाठी एक दाबत नाहीत. एक दाबलं तर दोन मिनिटांत माणूस मिळतो. मराठीसाठी दोन दाबलं की अर्धा तास पिपाणी ऐकत बसायचं. कदम दोनच दाबतात. त्यांचं हे मराठीप्रेम इतकं गाजलं की मराठी भाषा दिनाला एका मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. कदमांनी नारळ ठेवून घेतला आणि शाल परत केली. उकडतं म्हणाले.

फोन लागला की ते डोळे मिटून पहिलं 'नमस्कार' ऐकतात. क्षणभर थांबतात. मग जरा उतरलेल्या आवाजात तक्रार सांगतात, आभार मानतात आणि दहापैकी दहा देऊन फोन ठेवतात.

स्वतःच्या तक्रारी संपल्या तेव्हा त्यांनी आमच्या मागून नेल्या. ज्यांच्याकडे ती कंपनी होती ते सगळे आपलं गाऱ्हाणं कदमांकडे सोडून येऊ लागले. जाताना "काका, चांगलं फैलावर घ्या हां त्यांना" असंही बजावत. कदम हो म्हणत आणि कोणालाही फैलावर घेत नसत. तरी कामं व्हायची, याचंच लोकांना वाईट वाटायचं.

घरात ते एकटेच. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगी मेघा तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली. त्या दिवशीचा कदमांचा आवाज साऱ्या मजल्याने ऐकला होता. "पुन्हा या घरात फोन करायचा नाही," हे त्यांचं शेवटचं वाक्य. मेघा रडत जिना उतरली आणि तिने खरोखरच फोन केला नाही.

गेल्या महिन्यात माझं इंटरनेट तीन दिवस बंद पडलं. माझं काम घरूनच चालतं, तेव्हा मी तणतणत कदमांकडे गेलो. त्यांनी भांग पाडला, दोन दाबलं आणि फोन स्पीकरवर टाकला. चाळीस मिनिटं पिपाणी वाजली. माझं डोकं फिरलं. पलीकडे फोन उचलल्याचा खट्ट आवाज आला तसा मी फोन ओढूनच घेतला.

"तीन दिवस झोपा काढताय का तुम्ही लोक? नाव सांग तुझं. आज नोकरीच घालवतो तुझी."

आणखीही बरंच बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"आपल्याला त्रास झाला त्याबद्दल माफ करा, सर," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मी कदम सरांशीच बोलतेय ना? नंबर त्यांचा दिसतोय, पण आवाज वेगळा वाटला."

कदम उठून उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मीच कदम," ते म्हणाले. "तक्रार शेजाऱ्यांची आहे, मॅडम."

मग त्यांनी माझी तक्रार पहिल्यापासून सांगितली. लाल दिवा कधी लागला, ग्राहक क्रमांक काय, सगळं. फोन रेकॉर्ड होतो आणि ड्युटीवर घरचं बोललं की ठपका येतो, हे टाइमकीपरला ठाऊक होतं. मुलीने तक्रार नोंदवली, उद्या माणूस येईल म्हणाली आणि आणखी काही मदत हवी का, असं विचारलं.

"तुमची जेवायची सुट्टी किती वाजता असते?"

"एक वाजता," ती म्हणाली. मग "आपला दिवस चांगला जावो, सर" म्हणून तिने फोन ठेवला.

ती मेघा होती. ती त्या कंपनीत मराठीच्या फोनवर बसते, हे कदमांना तिच्या मामाकडून कळलं होतं. कनेक्शन घेतलं ते त्यासाठीच. "तिने फोन करायचा नाही असं मी म्हणालो होतो," कदम म्हणाले. "मी करायचा नाही, असं कुठे म्हणालो होतो?" मामाकडे तिचा नंबर असेल की, असं मी म्हटलं. असेल, म्हणाले. एक वाक्य मागे घ्यायला नको म्हणून हा माणूस एवढे दिवस पिपाणी ऐकत बसला होता.

मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. ती मेघा आहे हे माहीत असतं तर मी असा बोललो नसतो, असं मी पुटपुटलो आणि हे वाक्य किती भिकार आहे ते बोलता बोलताच कळलं.

कदम माझ्यावर चिडले नाहीत. ते फोनकडे बघत होते.

"तुम्ही एवढं बोललात, पण ती रडली नाही," ते म्हणाले. "आधी नुसता आवाज चढला तरी रडायची हो. एवढं ऐकून घ्यायला कधी शिकली?"

एक वाजायला वीस मिनिटं होती. कदमांनी मामाला फोन लावला आणि मेघाचा नंबर मागितला. लिहायला पेन सापडेना, म्हणून मी माझं दिलं. मामा आकडे सांगत होते आणि कदम एकेक आकडा पुन्हा विचारून घेत होते.