पिएत्रासोलाची घसरगुंडी कैसी मोकळी जाहली

पिएत्रासोला शहरीच्या समस्त मातोश्रींनी आज्ञा केली की, चौकामागील बागेतील घसरगुंडी फितीच्या कैदेतून कैसी सुटली, ते साद्यंत ल्याहावे. न लिहिलियास पुढील पोरे म्हणतील की आपसूकच सुटली. त्यावरून लिहिले जे ऐसे.

गतसाली जून मासी नोएमी नामे मातोश्री, उमर एकतीस, नजर बहुत तीक्ष्ण, कन्या आग्नेसे हिला घेऊन बागेत आली, आणि घसरगुंडीच्या तिसऱ्या पायरीचा बोल्ट हलतो ऐसे तिने हेरिले, आणि घरी जाऊन नगरपालिकेस अर्ज लिहिला. दुसरेच दिवशी महापौर राजमान्य एर्मेते झान्फ्रीनी यांचा हुकूम सुटला, आणि लालपांढऱ्या फितीचे सात वेढे घसरगुंडीस पडले. मग तिसरे दिवशी पालिकेचा कारागीर उगो आला, पान्याने बोल्ट आवळिला, आणि निघोन गेला. परंतु फीत तैसीच. कारण की हुकुमाने बांधिलेली फीत हुकुमानेच सुटावी, आणि हुकुमावर सही महापौरांचीच पाहिजे, ऐसा त्या मुलखीचा कायदा.

आता महापौरांचे वर्तमान ऐसे की, पुरुष दिलदार, जबान गोड, खांद्यावरोन तिरंगी पट्टा चढविला म्हणजे तेज काय वर्णावे. परंतु सहीची दहशत भारी. शेजारील शहरीच्या महापौराने एका पुलाच्या कागदावर सही केली, आणि मग सहा वर्षे कोर्टात खेटे घातले, हे यांनी ऐकिले होते. तेव्हापासोन कागद दिसताच हुजुरांचा चष्मा हरवे, आणि लेखणी पुढे येताच हुजुरांस फोन येई. ऐसे अकरा मास लोटले.

मग मे मासी बिकट प्रसंग गुदरला. घसरगुंडीच्या पाटीवर अक्षरे होती की, सहा वर्षांखालील मुलांकरिता. आणि आग्नेसेस रविवारी सहा पुरी होत होती. कन्या कायद्याची पक्की. रोज बोटे मोजी आणि पुसे, "आई, रविवारी मी मोठी झाले, की मग कधीच नाही ना बसता येणार?" त्यांत बाकावर आज्यांची छावणी, आणि पालमिरा आजी त्यांची सरनोबत. ती म्हणे, "काय गं, आज कुठला बोल्ट बघितलास? बाक तेवढा सोड हो बाई. आम्हांला टेकायला दुसरं काही नाही!"

गुरुवारी महापौर रयतेस भेटतात, म्हणोन सहा मातोश्री चार बाबागाड्यांसह चालोन गेल्या. हुजुरांनी सर्वांस कॉफी पाजिली, लेकरांचे गालगुच्चे घेतले, आणि मागील दाराने पसार जाहले.

मग पालमिरा आजीने मसलत सांगितली की, शनिवारी माझ्या भाचीचे लग्न नगरभवनी आहे, ते महापौरच लावितात, आणि लग्नाच्या वहीवर सही केल्यावाचून महापौरास गत्यंतर नाही. पट्टा अंगावर, चष्मा नाकावर, लेखणी हाती, तेथेच गाठावे. तैसेच जाहले. वधूवरांनी सही केली, महापौरांनी केली, आणि लेखणीस टोपण बसावयाच्या आत आजीने दुसरा कागद पुढे सरकाविला.

"पालमिराकाकू, आज नको ना हो!"

"का रे? या दोघांची जन्माची गाठ बांधताना हात नाही थरथरला तो?"

"लग्न मोडलं तर मला कोणी कोर्टात ओढत नाही, काकू."

वऱ्हाड हसले, वर हसला, वधू मात्र हसली नाही. मग महापौरांनी फर्माविले की, या शहरी नोएमीबाई एकट्याच ऐशा, की ज्यांस काहीच ठीक दिसत नाही. त्यांनी तपासोन लिहून द्यावे की ठीक आहे, म्हणजे आम्ही सही करू.

मग अवघी वरात, महापौर आणि नोएमी यांसह, मुठीत उधळावयाचे तांदूळ तैसेच घेऊन, बागेवर चालोन गेली. नोएमीने फितीखालोन शिरोन एकेक बोल्ट चाचपिला, पायऱ्यांवर नाचोन पाहिले, कठडा हिसडला. काही हलेना. परंतु लेखणी हाती येताच तिचा हात थबकला. डोळ्यांपुढे फुटलेली हनुवटी, पडलेला दात, प्लास्टरातले कोपर, ऐसे सर्व उभे राहिले. ती महापौरांस हळूच म्हणाली, "तुम्हांला रोज असंच होतं?"

"रोज. जेवणानंतर जरा जास्त."

"मला वाटायचं, तुम्ही नुसते आळशी आहात."

"बायकोलाही तेच वाटतं."

तितक्यात आग्नेसेने पदरी... नव्हे, आईच्या कोटाच्या टोकास ओढिले आणि म्हणाली, "आई, उद्या रविवार." नोएमीने डोळे मिटिले आणि सही केली. तिजखाली महापौरांनी केली, आणि डोळे उघडे ठेवोन केली, ही त्यांची बहादुरी.

वरातीमागोन आलेल्या उगोने फितीचे सात वेढे उलगडिले, वऱ्हाडाने तांदूळ घसरगुंडीवरच उधळिले, आणि आग्नेसे जी सुटली, ती एकोणीस वेळा. विसाव्या वेळेस वधू बसली. पाटी कोणी वाचिली नाही.

येणेप्रमाणे शनिवारी दोन प्रहरी घसरगुंडी सर जाहली. उपरांत नोएमीने ऐकिले की, झोपाळ्याची उजवी कडी किंचित करकरते. तिने पर्स उघडिली. आज्यांनी बाक घट्ट धरिला. महापौरांचा चष्मा हरवला. परंतु तिने कागद न काढिता हाक मारिली, "उगो, पाना आहे ना रे खिशात?"

उगोने कडी तेथल्या तेथे आवळिली. त्या कामी अर्ज नाही, हुकूम नाही, सही कोणाची नाही; नोंद काय ती येथे आहे, इतकीच.