ओरगडमची थंडी

"आधी उधळायचं, मग वाचवायचं," विद्याधर म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही, याचं त्याला प्रामाणिक आश्चर्य वाटत होतं.

समोर अनंतकृष्ण राव बसले होते. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा रबरी वॉशरचा कारखाना होता आणि मिरजेहून आलेला विद्याधर तिथला मॅनेजर होता. राव तंजावरचे मराठी. त्यांची मराठी माळ्यावरच्या पितळी डब्यातून काढून, पुसून, मग बोलल्यासारखी वाटे.

"ते कसं हो? मजला उलगडून सांगा."

प्रश्न गंभीरच होता. सरकारी नियामकांनी नव्या नियमांचा एक मसुदा काढला होता. कंपन्यांनी आपण हवेत किती कार्बन सोडतो आणि हवामान बिघडलं तर आपलं काय होईल, हे जाहीर करायचं. आणि नुसतं स्वतःचं नाही, माल पुरवणाऱ्यांचंही. रावांचे वॉशर घेणारी ट्रकची मोठी कंपनी मसुदा पक्का होईपर्यंत थांबली नाही. तिने सगळ्या पुरवठादारांना कळवून टाकलं: विजेचा वापर वीस टक्के कमी करून दाखवा, नाहीतर आम्ही दुसरा वॉशरवाला बघतो. ती गेली की कारखान्याला कुलूप, आणि चाळीस माणसं घरी.

आणि रावांकडे कमी करायला काही शिल्लकच नव्हतं. हा गृहस्थ तीस वर्षं दिवे विझवत हिंडत होता. पंख्याखाली माणूस नसला की पंखा बंद. माणूस असला तरी त्याला घाम आलाय का ते बघून मगच चालू. छपरात त्यांनी जागोजागी काचा बसवल्या होत्या, आणि दिवसाढवळ्या दिवा लावणाऱ्याकडे ते देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत. उलट त्याच कंपनीला माल देणाऱ्या शेजारच्या कृष्णस्वामीच्या नटबोल्टच्या कारखान्यात भर दुपारी पोर्चमध्ये झुंबर लखलखत असे. तो एक बटण दाबून वीस टक्के वाचवणार होता.

"वीस टक्के कमी म्हणजे कशाहून कमी?" विद्याधर म्हणाला. "यंदाच्या उन्हाळ्याहून. मसुद्यातच आहे. मग या उन्हाळ्यात वीज पाण्यासारखी वापरू. पुढे नेहमीसारखं वागलो तरी ऐंशी टक्के कपात!"

"हे पाप नव्हे की?"

"पाप नाही, राव. याला आधाररेषा म्हणतात."

रावांनी उठून डोक्यावरचा पंखा बंद केला. मग एखाद्याने मूत्रपिंड द्यायला होकार द्यावा तसं म्हणाले, "सेरी. चाळीस घरांचा प्रश्न आहे."

दुसऱ्याच दिवशी भाड्याचे सहा एसी आले. सगळे सोळा अंशांवर. छतातल्या काचांखाली, भर उन्हात, ट्यूबलाइट लागल्या. पहिल्या दिवशी कामगार खूश होते, दुसऱ्या दिवशी शिंकत होते, आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने मार्गळी महिन्यातल्या थंड पहाटेसाठी जपून ठेवलेली कानटोपी बाहेर काढली. चेन्नईत पारा पंचविसावर उतरला की कानटोपी चढते. इथे तर सोळा होता. बाहेर मे महिना डांबर वितळवत होता आणि आत चाळीस माणसं गिर्यारोहणाला निघाल्यासारखी वॉशर मोजत होती.

"सर, माझी शाई गोठली," हिशेब बघणारी सरोजा म्हणाली. तिने रेशमी साडीवर नवऱ्याचं जाकीट चढवलं होतं.

"तुम्ही तर कम्प्युटरवर काम करता."

"मग माझं डोकं गोठलं असेल. तुमची ही आयडिया मला अजून कळत नाही, ती त्यामुळेच."

सगळ्यात वाईट हाल रावांचे झाले. त्यांचा उजवा हात आपोआप बटणाकडे जाई. तो डाव्या हाताने धरून ते कारखान्यात हिंडत. दिवसभराची ही तहान ते मैलापूरला घरी जाऊन भागवत. एका संध्याकाळी त्यांनी फ्रिजही बंद केला. त्यांच्या पत्नीने, मामींनी, आंबलेलं दूध त्यांच्यासमोर आणून ठेवलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण विद्याधरला आपली हुशारी एकट्याने सोसवेना. गल्लीच्या तोंडाशी कॉफी पिताना त्याने ती कृष्णस्वामीला सांगितली. फुशारकी म्हणून नाही, केवळ माहितीसाठी. कृष्णस्वामीने कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात चार वेळा ओतली, संपवली आणि निघून गेला.

संध्याकाळी त्याच्या फाटकातून एसीने भरलेला टेम्पो आत शिरला. मग पलीकडच्या स्प्रिंगवाल्याकडे. मग समोरच्या रंगवाल्याकडे. आठवडाभरात सबंध गल्ली घुमायला लागली, जणू प्रत्येक भिंतीआड एकेक विमान उड्डाणाच्या तयारीत होतं. स्प्रिंगवाल्याने गच्चीवर रोषणाई केली. रंगवाल्याने रिकाम्या गोदामाला एसी लावला. कृष्णस्वामीने पोर्चमध्ये दुसरं झुंबर टांगलं.

गुरुवारी दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर आधी गुरगुरला, मग फट्‌कन उडाला.

सगळं थांबलं. आणि प्रत्येक फाटकातून माणसं बाहेर येऊ लागली: मफलर, शाली, जाकिटं, कानटोप्या. एकाने तर घरची दुलई पांघरली होती. चाळीस अंशांच्या उन्हात गल्लीभर लोक वर धुराकडे बघत उभे होते.

नेमक्या त्याच क्षणी एक पांढरी गाडी वळणावर आली आणि हळूहळू थांबली. तिच्यातून नंदिता उतरली. ट्रकच्या कंपनीत पुरवठादारांचा कार्बन मोजणं हे तिचं काम, आणि मूळची ती पुण्याची.

"एकाच गल्लीतल्या आमच्या सगळ्या पुरवठादारांचा विजेचा वापर एकदम चौपट कसा झाला, ते बघायला आले होते," ती म्हणाली. तिची नजर दुलईवर होती. "इथे कुणाला बरं नाहीये का?"

"सराव चाललाय, मॅडम," विद्याधर घाईने म्हणाला. कानटोपीतून घामाचा ओघळ त्याच्या ओठावर आला. "हवामानाच्या धोक्याचा. समजा उद्या थंडीची लाट आली."

"ओरगडममध्ये?"

"धोका कुठे सांगून येतो?"

नंदिताने कृष्णस्वामीकडे पाहिलं. कृष्णस्वामीने विद्याधरकडे बोट दाखवलं. पाठोपाठ गल्लीतल्या साऱ्या बोटांनी तेच केलं.

"खोटं नको," राव पुढे येत म्हणाले. "अम्मा, आम्ही मुद्दाम उधळलं. पुढे कपात दिसावी म्हणून. माझी माणसं निर्दोष आहेत. अक्कल माझी गेली. शिक्षा करायची ती मजला करा, वॉशर बंद करूं नका."

"अक्कल सरांची होती," सरोजाने दुरुस्ती केली. "रावांनी फक्त परवानगी दिली."

नंदिता कारखान्यात आली. वीज नव्हती, तरी काचांतून पडणाऱ्या उजेडात लख्ख दिसत होतं. सरोजाने तिला मागच्या तीन वर्षांचे आकडे दाखवले. ते तिने दोनदा पाहिले.

"एवढीच वीज? कारखाना चालू होता ना?"

"कारखाना चालू होता," राव म्हणाले. "दिवे बंद होते."

नंदिताने हात कपाळावर टेकवला. "अहो, तुम्हाला कपात करायचीच नव्हती. ज्यांचा वापर मुळातच एवढा कमी आहे त्यांनी तो तेवढाच राखायचा, बस. मसुद्यात पुढे आहे. पूर्ण कुणी वाचला होता?"

चाळीस कानटोप्या विद्याधरकडे वळल्या.

"महत्त्वाचा भाग वाचला होता," तो म्हणाला.

"आणि यंदाचा उन्हाळा आता धरतच नाहीत. तुलना मागच्या तीन वर्षांशी. कोणीतरी मुद्दाम वीज जाळेल, अशी शंका आली होती. मीच मीटिंगमध्ये म्हणाले होते, इतका वेडेपणा कोण करणार."

"मग ऑर्डर?" रावांनी विचारलं.

"राहील. पण हे वर्ष मागच्या तीन वर्षांसारखंच भरलं पाहिजे. सोळावर जाळलेली वीज त्यातच धरणार. उरलेल्या महिन्यांत भरून काढा."

हे ऐकून बाकी सगळ्यांचे चेहरे उतरले. रावांचा मात्र असा उजळला की ट्यूबलाइटची गरजच उरली नाही. त्यांनी डाव्या हातातून उजवा हात सोडला, बोटं मोडली, आणि वीज आलेली नसतानाही कारखान्यातलं एकेक बटण बंद करत निघाले. शेवटचं बटण विद्याधरच्या केबिनचं होतं.

हल्ली विद्याधर फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसतो. तिथला उजेड फुकट आहे. लॅपटॉप चार्ज करायची परवानगी आठवड्यातून दोनदा असल्यामुळे हाताशी वेळ भरपूर, म्हणून त्याने अखेर तो मसुदा अथपासून इतिपर्यंत वाचून काढला. चांगला आहे. विशेषतः जाड आहे. दुपारी वारा पडला की त्याच्यासारखा पंखा नाही.