बिनशिंकेची बैठक

"या उन्हाळ्यात दम्याला बसून खाऊ घालनार न्हाई, कामाला लावनार!" असं भिमाजीने छातीवर हात मारून मेव्हण्याला सांगितलं, आणि छातीवर हात मारल्यामुळे त्याला लगेच ढास लागली.

भिमाजी राहात्याजवळचा बागायतदार. जमिनीने श्रीमंत, पण नाकाने अगदीच गरीब. गव्हाची मळणी निघाली की शिंका, कडुलिंब फुलला की शिंका, आणि बायकोने, म्हणजे मनकर्णाने, मिरच्या कांडायला काढल्या की शिंका अधिक दमा! राहात्याच्या डॉक्टरने या प्रकाराला 'ॲलर्जी' म्हणतात असं सांगून उन्हाळा सुखाने काढायचे नियम घालून दिले होते. धुळीत जायचं नाही, भुशाला शिवायचं नाही, नाकाला ओलं फडकं बांधायचं आणि रात्री झोपताना एक पिवळी गोळी घ्यायची. गोळीने गुंगी येते, तेव्हा ती घेऊन गाडी हाकायची नाही, असंही बजावलं होतं. या सगळ्यात भिमाजीला आवडलं ते फक्त नाव. गावात दमा पुष्कळांना होता, ॲलर्जी त्याला एकट्यालाच!

आता, लोकांच्या कामात माशी शिंकते. भिमाजीच्या घरी माशीला काही काम उरलं नव्हतं. केशर ही त्याची एकुलती एक लेक. तिच्या दोन सोयरिकी ऐन सुपारी फोडायच्या वेळी बापाच्या शिंकेने मोडल्या होत्या. पाहुणे अपशकुन झाला म्हणून अर्धा चहा टाकून उठले होते! एकाहत्तरच्या वैशाखात तिसरं स्थळ आलं. मुलगा गोरक्ष, नागापूरच्या कारखान्यात फिटर. केशरला तो मनापासून आवडला होता.

"ह्येबी मोडलं तर मी पुन्यांदा पव्ह्याचं ताट घिऊन भायेर येनार न्हाई," असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

अडचण एकच होती, ती म्हणजे गोरक्षचा चुलता सूर्यभान. त्याला मागण्यांची भारी हौस, आणि शकुनाचं त्याहून भारी वेड. शिंक आडवी आली म्हणून हा गडी एकदा बाजारातून ठरवलेला बैल तसाच सोडून घरी गेला होता.

"तितंच त्याला धरायचा, कानिफ!" भिमाजीने मेव्हण्याला बेत समजावला. "त्यानं जड मागनं केलं की मी शिंकनार. त्यो घाबरून मागनं सोडनार. सुपारी फोडायच्या वक्ताला मातर मी नाक दाबून धरनार!"

"पन दाजी, बोलावली की शिंक येती व्हय?"

"माज्या घोंगडीखाली गव्हाचा भुसा पसर. जरा मान खाली घातली की आलीच समज!"

मनकर्णाला यातलं काही सांगितलं नाही. तिने हा बेत ऐकून भिमाजीलाच घोंगडीखाली घातलं असतं!

पण मनकर्णाही काही गप्प बसलेली नव्हती. या वेळी नवऱ्याला शिंकू द्यायचं नाही, असा तिने पण केला होता. एका गोळीने रात्रीच्या शिंका थांबतात, तर दोन गोळ्यांनी दिवसाच्या थांबतीलच, असा तिचा सरळ हिशेब. गोळ्या कुटून तिने ताकात घातल्या.

"आवं, ऊन लई हाय. घोटभर ताक घ्या."

भिमाजीने तांब्या रिकामा केला आणि मिशा पुसल्या. बायको आज फारच गोड वागतेय, एवढं त्याला वाटलंही, पण तो विचार पुरा व्हायच्या आत पाहुणे आले.

ओसरीवर बैठक बसली. भिमाजीच्या शेजारी गोरक्ष, समोर सूर्यभान. दाराआड बायका. रामराम झाला, पाणी झालं, आणि सूर्यभानने तोंड उघडलं.

"लगीन भर दुपारच्या मुहूर्तावर. आन खळ्यात! आमची मान्सं तुमच्या आंगनात मावनार न्हाईत."

खळ्यात, म्हणजे धुळीच्या माहेरघरी! कानिफने दाजींकडे पाहिलं. दाजींनी ठरल्याप्रमाणे भुशाचा वास घ्यायला मान खाली घातली. शिंक काही येईना. डोळे मात्र जड झाले. मान आणखी खाली गेली, दचकून वर आली, पुन्हा खाली गेली.

"वा! पाव्हणं व्हय म्हनले!" सूर्यभान खूश झाला. "मंग नवरदेव घोड्यावर! आन म्होरं पोत्यानं गुलाल!"

मान हलली.

"आन शोभेचं दारूकाम!"

मान इतकी हलली की टोपी मांडीवर पडली.

"दाजी, शिंका!" कानिफ कानात कुजबुजला. "आवं, शिंका की!" त्याने चिमटा काढला. दाजींनी चिमट्यालाही मान डोलावली.

"घोड्याम्होरं सोता पोरीच्या बापानं नाचायचं!" सूर्यभानने शेवटचा बाण सोडला. मान दोनदा हलली.

आता सूर्यभानच घाबरला. आयुष्यात त्याने कितीतरी बैठकी गाजवल्या होत्या, पण घासाघीस न करणारा मुलीचा बाप त्याने पाहिला नव्हता. मागण्या संपल्या, आणि हा बाप अजून होकारच देत होता!

"पाव्हणं, राग मानू नका," तो पुढे सरकून म्हणाला, "पन पोरीत काय खोट हाय का?"

दाराआडच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. भिमाजीची मान सावकाश खाली गेली. वर आली. आणि पुन्हा खाली गेली.

"अगं बया!" मनकर्णा आतून ओरडली.

"चला रं!" सूर्यभानने उभं राहून पायात वहाणा चढवल्या. "बापच कबूल करतोय!"

केशर रीतभात विसरून थेट ओसरीवर आली. "आबा! माज्यात काय खोट हाय? बोला की!"

आबा घोरले. केशरने रागाने घोंगडीचं टोक धरून असा हिसका दिला की भिमाजी कलंडून भिंतीला लागला आणि सगळा भुसा ओसरीवर उधळला!

पहिली शिंक आली ती सूर्यभानलाच. मग कानिफ, मग पाहुणे, मग दाराआडच्या बायका! कोणाची शिंक कोणाला आडवी गेली आणि कोणाच्या अपशकुनाने कोणाचा अपशकुन कापला, कशाचा कशाला मेळ राहिला नाही. साऱ्या घरात एकच माणूस शिंकत नव्हता, आणि तो भिंतीला टेकून झोपला होता.

सगळ्यांच्या शिंका थांबल्या, गोरक्षच्या थांबेनात. त्याच्या छातीतून शीळ वाजायला लागली.

"आरं, तुजी गोळी कुटं हाय?" सूर्यभान बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

गोरक्षने खिशातून पुडी काढली. आत पिवळी गोळी!

केशरने ती लगेच ओळखली. लाजायला वेळच नव्हता. तिने गोरक्षला धुळीतून उठवून माजघरात नेलं, पुढे वाकून बसवलं, ओलं फडकं हातात दिलं. "सावकाश सोडा श्वास. घाई न्हाई." लहानपणापासून बापासाठी हेच करत आली होती बिचारी.

श्वास जरा बसल्यावर गोरक्षने विचारलं, "तुमाला कसं म्हाईत?"

"आमच्या घरात एक हाय की!" ती म्हणाली. गोरक्ष तशाही अवस्थेत हसला, आणि केशरला तो आणखीनच आवडला.

ओसरीवर मनकर्णाने सूर्यभानपुढे कबुली दिली. "तात्या, ह्यांनी कशालाच व्हय म्हनलं न्हाई. डुलत व्हते! म्याच ताकात गोळ्या घातल्या."

सूर्यभानची मान खाली गेली, तीही गोळीशिवाय. "वैनी, आमीबी पोराचा दमा लपवला. कुनी पोरगी देईना. मागन्या निस्त्या हौसेपायी केल्या, त्या इसरा. ह्यो घोड्याजवळ गेला तरी शिंकतोय! लगीन सकाळच्या गारव्यात, सारवलेल्या आंगनात करू. घोडा न्हाई, गुलाल न्हाई, दारूकाम न्हाई." आणि त्याने फोडायला सुपारी उचलली.

नेमका तेव्हा भिमाजी जागा झाला.

त्याने पाहिलं. सूर्यभान वहाणा घालून उभा. सगळ्यांचे डोळे लाल, बायकांचे पदर नाकाला. लेक कुठे दिसेना. भिमाजीने एकच अर्थ काढला. तिसरं स्थळही आपल्याच शिंकेने मोडलं! बेत गेला खड्ड्यात. झोपेत कानावर पडलेलं सगळं त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर आलं.

"तात्या, मोडू नका!" त्याने सूर्यभानचे पाय धरले. "भर दुपारी करू, खळ्यात करू! घोडा देतो, पोत्यानं गुलाल देतो! दारूकाम करतो! म्या सोता घोड्याम्होरं नाचतो!"

सूर्यभानचा सुपारीचा हात थांबला. जुनी हौस डोळ्यांत चमकली.

"आता तर पाव्हणं जागे हायेत ना?"

"आबा," माजघरातून केशर ओरडली, "तुमी झोपा बरं!"

आणि मनकर्णा ताक आणायला आत गेली.