शेवटपर्यंत ऐकणारे बापूराव

बापूराव पॉडकास्टला उत्तरं द्यायचे. कानात इअरफोन, बसलेत रिक्षात, आणि मध्येच मोठ्यानं, "व्हय, बराबर हाय!" शेजारचा माणूस दचकायचा. एकदा पाककृती सांगणारी बाई म्हणाली असावी, 'आता तेल तापत ठेवा.' भर औरंगपुऱ्यात बापूराव थांबले आणि म्हणाले, "बाई, आधी घरी तर जाऊ द्या."

मी हसले, तर म्हणाले, "ताई, समोरचा बोलतोय आन् आपण हूं बी नाय म्हणायचं? आमचा बाप मेंढरामागं हिंडताना गोष्ट सांगायचा. आपलं हूं थांबलं की त्याची गोष्ट थांबायची."

ते वैजापूरच्या तहसीलातून निवृत्त झालेले. गारखेड्यात घर बांधून एकटेच राहायचे. औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावर वेबसाइट बनवायला शिकवणारा क्लास होता, तिथं आमची गाठ पडली. लग्नानंतर घरी बसून कंटाळलेली मी, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा इम्रान आणि बापूराव, अशा तिघांना कुणीच आपल्या गटात घेईना. म्हणून आमचाच एक गट झाला. काय ऐकलं त्याची नोंद ठेवायची आणि पॉडकास्टला तारे द्यायचे, अशी वेबसाइट करायची कल्पना बापूरावांची.

येत कुणालाच काही नव्हतं. पहिल्यांदा तारा दाबला तर अख्खं पान पिवळं झालं. सर कपाळाला हात लावून बसले. बापूराव म्हणाले, "हळद लागली की वो हिला!"

तारे देण्यात मात्र ते कडक. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय एकही तारा नाही. इतिहास सांगणाऱ्या एकाला दोनच दिले. "हुशार हाय गडी, पण दम घेत नाय. दम घेतला तर चार देईन." त्या वर्षी पाऊस लई कमी झालेला. शहर बीड बायपासच्या पलीकडं पसरत चाललेलं आणि नळाला पाणी नाही. अशात एका आरोग्यवाल्या डॉक्टरनं रोज तीन लिटर पाणी प्या म्हणून सांगितलं. त्याला एक तारा. "आमच्या गल्लीत टँकर कधी येतो ते इचारा त्याला."

वेबसाइट दाखवायच्या दिवशी सरांनी पडद्याकडं बोट केलं. सगळ्यात वर एक इंग्रजी पॉडकास्ट होता, शेअर बाजारावरचा. प्रत्येक भागाला पाच तारे, आणि देणारा माणूस एकच.

इम्रान म्हणाला, "चाचा, ये तो तुम्हारे नाम से है. अंग्रेजी समझती क्या तुमको?"

"नाय."

"फिर पाँच-पाँच तारे?"

बापूराव जरा वेळ टेबलावरची धूळ पुसत राहिले. "पोरगा हाय माझा. पुण्यात असतो. फोन केला की 'बाबा, मीटिंगमधी हाय' म्हणतो. हितं तासभर बोलतो. इंग्रजी नाय कळत, पण सर्दी झालेली कळती. झोप झाली नाय, ते बी कळतं."

सरांनी वहीत आमचे गुण मांडले. आम्ही पास झालो.

क्लास संपला, भेटीगाठी कमी झाल्या. वेबसाइटवर फारसं कुणी फिरकायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात फोनची काच बदलायला मी इम्रानच्या दुकानात गेले होते, तेवढ्यात बापूराव आले. घामाघूम.

"इम्रान, साइट बिघडली जणू. पोराचा नवा भाग दिसंना."

इम्राननं लॅपटॉप उघडला. साइट नीट चालत होती. त्यानं इअरफोन लावून शेवटचा भाग लावला, एक बाजू माझ्या कानात दिली. मुलगा इंग्रजीत सांगत होता, की कामातून वेळ मिळत नाही, ऐकणारंही फारसं कुणी नाही, म्हणून हा शेवटचा भाग.

त्या भागालाही बापूरावांचे पाच तारे होते.

मी म्हटलं, "काका, फोन लावून बघा की त्याला."

"लावला असता. पण काम काय सांगू?"

इम्राननं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून उगाचच बटणं दाबत म्हणाला, "हाँ चाचा, थोडी बिगड़ी है. देखता मैं."

बापूरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"बघ, सावकाश बघ," ते म्हणाले. "मला कुठं जायाचंय."