आत्याबाई निबंधात वारल्या, ती हकीकत

राज्ये गेली, तख्ते उलथली, त्यांच्या बखरी बहुत जाहल्या. परंतु एका निबंधापायी घरातले हयात माणूस कागदावर गारद जाहले, हा मजकूर कोणी लिहून ठेविला नाही, म्हणोन हे टिपण.

हकीकत ऐसी जे, लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणाऱ्या ताईसाहेब यांनी व्यवस्थापनाच्या बड्या विद्यालयावर चाल करण्याचा मनसुबा धरिला. विद्यालयाचे फर्मान सुटले जे, उमेदवाराने प्रवेशाच्या निबंधात स्वतःविषयी अस्सल तेच लिहावे. ताईसाहेब हवालदिल जाहल्या. नोकरी सुरळीत, तब्येत धडधाकट; अस्सल म्हणावे ऐसे पदरी काहीच नाही. मग सल्लागारबहाद्दर यांजकडे रुजू जाहल्या. हे बहाद्दर अस्सलपणाचे घाऊक व्यापारी. त्यांनी हुकूम दिल्हा जे, दुःख पाहिजे, आणि दुःखातून नेतृत्व निघाले पाहिजे. जवळ नसल्यास घरात धुंडाळावे.

घरात आत्याबाई होत्या. ताईसाहेबांस न्हाऊमाखू घालून त्यांनीच वाढविले होते. ताईसाहेबांनी काळजावर दगड ठेविला आणि तिसऱ्या परिच्छेदात त्यांस ठार केले. मग ऊर भरून आला, आणि शब्दमर्यादा तंतोतंत साधली हे पाहोन अधिकच भरून आला.

परंतु लॅपटॉप मेजावर उघडा राहिला, आणि खासा मयत चष्मा लावून वाचावयास बसल्या.

“मी गेले कधी गं?”

ताईसाहेब पांढऱ्याफटक. “अगं आत्या, ते नुसतं अर्जापुरतं...”

“ते राहू दे. ‘बाळ, नेतृत्व कर’ म्हणून मी प्राण सोडला? मरताना मी विचारीन, गॅस बंद केलास का!”

ऐसे बोलोन हसल्या खऱ्या, परंतु चष्मा तेथेच टाकून आत निघोन गेल्या, आणि तो चष्मा ताईसाहेबांच्याने पाहवेना. तेच क्षणी निबंध पुसला.

मग घडले तेच लिहिले. एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले, मेकॅनिक शहराच्या पार दुसऱ्या टोकास, गृहस्थ फोनवर रडू लागले. ताईसाहेबांस काही सुचेना, सबब गृहस्थांस पाढे म्हणावयास लाविले. तेराच्या पाढ्यात उभयतां अडखळले आणि दार उघडेतो तंडत राहिले. ते दिवशी ताईसाहेबांच्या मनी प्रथम आले जे, अवघ्या शहरास एकच मेकॅनिक ठेवणारी ही कंपनी आपणच चालवावी.

बहाद्दर कडाडले. “यात रडू कुठंय? पाढे काय! हे अजिबात अस्सल वाटत नाही. आत्यांना परत मारा.”

“आत्या मरणार नाही,” ताईसाहेब बोलल्या, आणि अर्ज रवाना केला.

यथावकाश विद्यालयाने दरवाजे उघडिले. बहाद्दरांनी तात्काळ आपल्या कचेरीवर ताईसाहेबांची तसबीर चढविली, खाली ठळक अक्षरी लिहिले जे, अपार दुःखातून आमच्या मार्गदर्शनाने यश. हे वर्तमान कळताच आत्याबाई चपला घालून निघाल्या, कोणाचे न ऐकता थेट कचेरीत शिरल्या. बहाद्दर अदबीने उठले.

“आपण कोण?”

“मी ते अपार दुःख,” आत्याबाई बोलल्या.

येणेप्रमाणे विद्यालय सर जाहले, तसबीर त्याच दुपारी उतरली, आत्याबाई हयात व खुशाल. इतके नमूद करोन लेखणी म्यान केली.