फोल्कमार गेला, फोल्कमार आला

फोल्कमार यान्सेनला तीन गोष्टींची पक्की खात्री होती. समुद्राला भरती दिवसातून दोनदा येते, चहाच्या कपात खडीसाखर आधी आणि साय शेवटी पडते, आणि आपल्या पहिल्या नातवाचं नाव फोल्कमार असणार आहे!

पहिल्या दोन गोष्टींबद्दल हाकेनसील गावात कुणाचंच दुमत नव्हतं. तिसरीबद्दल त्याने कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? यान्सेनांच्या घरात आजोबांचं नाव नातवाला मिळतं. चर्चच्या आवारात त्यांच्या घराण्याच्या कबरी ओळीने आहेत. फोल्कमार, हार्म, फोल्कमार, हार्म. एक सुलट, एक उलट, स्वेटरचे टाके असावेत तशा. आपल्या गोष्टीतल्या फोल्कमारच्या मुलाचं नाव अर्थातच हार्म. तेव्हा पुढचा टाका कोणता, हे सांगायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

तशी फोल्कमारची आयुष्यभराची नोकरी कमी बोलण्याची होती. समुद्राच्या बांधातल्या पाण्याच्या दरवाजांवर तो चाळीस वर्षं होता. ओहोटीला उघडायचे, भरतीला मिटायचे. पण स्वतःच्या नावाचा विषय निघाला, की त्याचाच दरवाजा असा काही उघडायचा की मिटता मिटत नसे. फोल्क म्हणजे लोक, मार म्हणजे प्रसिद्ध. जो लोकांमध्ये प्रसिद्ध आहे तो! हजार वर्षांपूर्वी सरदार-दरकदार हे नाव लावत होते, वगैरे वगैरे.

"इतकं प्रसिद्ध आहे, तर दुसऱ्या कुणी ठेवलेलं कसं दिसत नाही?" त्याची बायको थेडा विचारायची.

दर जानेवारीत वर्तमानपत्रात नव्या बाळांच्या नावांची यादी छापून येई. फोल्कमार ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाची. फोल्कमार कधीच नसे. त्याला त्याचाही अभिमानच.

"सोनं काय रस्त्यात पडलेलं असतं?"

"डायनासोरही रस्त्यात नसतात," थेडा म्हणायची आणि चहा ओतायची.

सून इम्केला पाचवा लागला, तेव्हाच थेडाने दगडी बरणीत ब्रँडी, बेदाणे आणि खडीसाखर मुरत घातली. बाळ बघायला येणाऱ्यांना कपातून हेच द्यायचं आणि चमच्याने खायचं, ही तिथली जुनी रीत. थेडा बरणीला रोज हलवायची आणि फोल्कमार रोज लांबूनच बरणीकडे बघून हसायचा.

आणि एका शुक्रवारी, दिवस भरायला चांगले तीन आठवडे बाकी असताना, सकाळी सहाला एम्डेनच्या इस्पितळातून हार्मचा फोन आला. मुलगा झाला होता, दोघंही सुखरूप. फोल्कमारने "बरं झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. नाव काय, हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आता निघण्याआधी पहिल्या शेजारणीला कळवायला हवं होतं. डाव्या हाताचं घर म्हणजे पहिला शेजार. घरात जन्म होवो नाहीतर मरण, ते दारोदार जाऊन सांगण्याचं काम त्या घराचं. ते हिरावून घेतलं तर सात पिढ्या अबोला! ही शेजारीण म्हणजे गेझीना उबेन, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. नेमकी ती पावाच्या दुकानात गेलेली. मग तिच्या दाराला चिठ्ठी लावायचं ठरलं. थेडा लिहायला बसली.

"मुलगा झाला, असं लिहिते."

"कशाला? फोल्कमार म्हटल्यावर काय मुलगी असणार आहे?"

"अरे, पण पोरांनी अजून नाव सांगितलेलं नाही."

"सांगायचं काय त्यात? लिही."

गाडी सुरू करून तो हॉर्न वाजवायला लागला. थेडाने लिहिलं: 'फोल्कमार. आज. सगळ्यांना कळव. थेडा.' चिठ्ठी लावली आणि धावत गाडीत जाऊन बसली. घाईत तिचा मोबाइल स्वयंपाकघरातच राहिला.

गेझीनाने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पावाची पिशवी खाली ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. त्या गल्लीत शेवटचं बाळ जन्मून अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर तिने दारोदार जाऊन सांगितली ती सगळी मरणंच. शेजारची गाडी नव्हती, घर बंद, आत थेडाचा मोबाइल वाजतोय आणि कुणी उचलत नाही. आणि गावात फोल्कमार म्हणजे एकच माणूस. दुर्मीळ नावाचा हा एक फायदा असतो, घोटाळा होत नाही!

गेझीनाने एप्रन काढला, काळा कोट चढवला आणि ती पहिल्या दारावर जाऊन म्हणाली, "फोल्कमार गेला. आज."

इकडे इस्पितळात फोल्कमारने बाळाला हातात घेतलं. एवढंसं गुलाबी, सुरकुतलेलं. त्याच्याकडे बघून फोल्कमार म्हणाला, "काय रे, फोल्कमार?"

हार्म खिडकीबाहेर बघू लागला. बोलायचं शेवटी इम्केलाच पडलं.

"बाबा, आम्ही मिलो म्हणतोय. म्हणजे, शाळेत त्याला कुणी हसू नये म्हणून. रागावू नका."

फोल्कमार रागावला नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याने बाळाला आईजवळ ठेवलं, "छान आहे," म्हणाला आणि टोपी घातली.

घरी जायचं सोडून त्याने गाडी बंदराकडे वळवली. बाकावर बसून दोघांनी मासळी घातलेला पाव खाल्ला. म्हणजे थेडाने खाल्ला. फोल्कमारचा पाव सीगल पक्ष्याने त्याच्या हातातून नेला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. तास झाला, दोन तास झाले.

"मिलोही वाईट नाही," थेडा म्हणाली.

"हं."

"पाळणाघरात आधीच चार मिलो आहेत म्हणे. त्याला सोबत होईल."

"थेडा, मी गेल्यावर या नावाने हाक मारायला कुणी उरणार नाही."

चाळीस वर्षांत तिने नवऱ्याच्या तोंडून इतकं लांब आणि इतकं हळू वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तिने त्याच्या कोटावरचे पावाचे कण झटकले.

गावात शिरताना नेमबाजांच्या क्लबावरचा झेंडा अर्ध्यावर दिसला. फोल्कमारने टोपी काढली. "कोण गेलं असेल?"

"म्हातारा ओनकेन असणार. नव्वदीचा होता."

"चांगला होता बिचारा," फोल्कमार म्हणाला. आणि मग त्याला स्वतःच्याच दारात आठ मोटारी आणि सतरा सायकली उभ्या दिसल्या.

दोघं मागच्या दाराने आत आले. मोरीशेजारच्या बोळात अंधार होता. गेझीनाकडच्या किल्लीने घर उघडून, मयताच्या घरी करतात तसं, भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी थांबवलं होतं आणि आरशावर थेडाचा ठेवणीतला टेबलक्लॉथ टाकला होता. स्वयंपाकघरात काळ्या कपड्यांतली माणसं बसली होती. मधोमध दगडी बरणी, अर्धी संपलेली. म्हातारा ओनकेन चमच्याने बेदाणे खात होता, तब्येत उत्तम.

गावात नवीनच आलेला पाद्री वही उघडून विचारत होता, की मृत माणसाबद्दल काही चांगलं सांगता येईल का. तिथली माणसं अशी, की असा प्रश्न आला की आधी चहा ढवळतात.

"दरवाजा कधी उशिरा उघडला नाही त्याने," शेवटी एक जण म्हणाला.

"बोलायचा कमी," दुसरा म्हणाला.

"नावाचं सोडून," ओनकेन म्हणाला. त्यावर सगळ्यांनी मान डोलावली. पाद्रीने अर्थ विचारला, तेव्हा अकरा माणसांनी एका सुरात सांगितलं, की फोल्क म्हणजे लोक आणि मार म्हणजे प्रसिद्ध. पाढा म्हणावा तसं! बोळात उभ्या फोल्कमारचेही ओठ सोबत हलले.

"संध्याकाळी थेडा अंगणातून हाक मारायची," गेझीना म्हणाली. "फोल्कमार, चहा! मीही तेव्हाच आधण ठेवायची. आता ती हाक नाही."

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. फोल्कमारला तो मोरीच्या बोळातून दिसला, आणि वर नाकही गळायला लागलं. शिंक आली. आता लपण्यात अर्थ नव्हता. तो आत गेला.

"मोइन," तो म्हणाला, म्हणजे नमस्कार.

"मोइन," सगळे म्हणाले. कुणी किंचाळलं नाही. ओनकेनचा चमचा तेवढा हवेत थांबला.

गेझीनाने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत नीट पाहिलं. "तू मेलास ना?"

"नाही."

"चिठ्ठीत तर तसं होतं."

"चिठ्ठीत नातू होता."

"मग तसं लिहायचं ना," गेझीना म्हणाली. थेडाने नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली, की तो आणखी एकदा मेला. "बस आता. चहा घे," गेझीनाच पुढे म्हणाली.

तो दुसरा कप घेत होता, तेव्हा बाहेर गाडी करकचून थांबली आणि हार्म आत धावत आला. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली. पाद्रीने दुपारी त्याला सांत्वनाचा फोन केला होता. हार्मने आईच्या मोबाइलवर लावला, तर गेझीनाने उचलून सांगितलं, की आई इथे नाही पण तू काळजी करू नकोस, आम्ही सगळं बघतोय. पोराला वाटलं, इस्पितळातून निघालेला बाप नावाच्या दुःखानेच वाटेत गेला.

हार्म दारातच थिजला. मग टेबलाला धरून खाली बसला आणि रडला, मग हसला, मग भडकला.

"आम्ही अर्जावर नाव लिहून दिलं! इम्केने माझ्या हातातून पेन घेऊन लिहिलं. रडत रडत!"

"कुठलं नाव?" फोल्कमारने विचारलं.

"कुठलं म्हणजे काय!"

फोल्कमारने चहा ढवळला. आयुष्यभर जे हवं होतं, ते मिळालं होतं. पण मेलेल्या माणसावर दया म्हणून. त्याने चमचा कपात उभा ठेवला, म्हणजे तिथल्या रीतीने चहा पुरे.

"सोमवारी अर्ज परत घे," तो म्हणाला. "मिलो लिही. मी जिवंत आहे, मला नाव पुरतं अजून."

सोमवारी हार्म खरंच कचेरीत निघाला होता. इम्केनेच अडवलं. म्हणाली, "राहू दे. पाळणाघरात मिलो म्हणून हाक मारली तर पाच पोरं धावत येतील. फोल्कमार म्हटलं, की माझा एकटाच येईल."

मग बाळ झालं की उभारतात तसा शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे आजोबांच्या दारात लाकडी करकोचा उभारला. अंत्ययात्रेसाठी सांगितलेलं फुलांचं चक्र तयार होऊन आलं होतं, आणि त्या गावात काही वाया घालवत नाहीत. रिबिनीवर छापलं होतं, 'फोल्कमारला, शेजाऱ्यांकडून'. ती तशीच करकोच्याच्या गळ्यात बांधली. फोल्कमार दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत होता.

एक मात्र झालं. एकाहत्तर वर्षं गावात फोल्कमार म्हणजे फोल्कमार होता. पुढे-मागे काही लावावं लागत नव्हतं. आता नाव दुप्पट लोकप्रिय झालं. सुट्टीत बाळ आजीकडे येतं, तेव्हा फोन वाजला की थेडा आधी विचारते, "कुठला फोल्कमार हवाय? पाळण्यातला की मेलेला?"

बहुतेक वेळा मेलेलाच हवा असतो. आणि तो निमूटपणे उठून फोनवर येतो.